विश्लेषण : बोलण्याआधी ऐका! खोडदच्या दुर्बिणीशेजारी रेडिओ कसा वापरावा?

जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेले क्षीण संदेश टिपते. तिच्याच भोवतालच्या हवेतून हौशी रेडिओचालकांचे संवाद, मोबाइलचे कॉल आणि वॉकीटॉकीचे आवाजही जात असतात. दुर्बिणीला शांतता हवी आहे, तर परिसरातील लोकांना रोजगार, रेल्वे आणि संकटकाळी संपर्क हवा आहे. या ओढाताणीत हौशी रेडिओचालकांचा जुना शिष्टाचार उपयोगी पडू शकतो. तो काय आहे आणि जुन्नर-आंबेगावला त्यातून काय घेता येईल, याविषयी...

खोडदला नेमके काय आहे?

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळील खोडद येथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ म्हणजे जीएमआरटी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने (एनसीआरए) ती उभारली. ही एक दुर्बीण नसून ३० तबकड्यांचा संच आहे. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. १४ तबकड्या मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये आहेत. उरलेल्या १६ तबकड्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, शेतशिवारांमधून विखुरल्या आहेत. दोन टोकांच्या तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत जाते. सर्व तबकड्यांकडील संकेत एकत्र केले की २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतके बारकावे दिसतात.

या प्रकल्पाचे जनक ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप. तबकड्या भरीव पत्र्याच्या न करता ताणलेल्या तारांच्या जाळीच्या केल्याने खर्च आणि वजन दोन्ही कमी झाले. नव्वदच्या दशकात बांधणी झाली आणि गेल्या दशकात दुर्बिणीचे मोठे अद्ययावतीकरण झाले. आता ती साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या विस्तृत पट्ट्यात निरीक्षण करते. या कमी वारंवारतेच्या पट्ट्यात तिची गणना जगातील अग्रगण्य दुर्बिणींत होते आणि जगभरातील खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात.

हीच जागा का निवडली?

मुख्य कारण शांतता. डोंगररांगांनी वेढलेले रुंद खोरे, मोठ्या शहरांपासून अंतर आणि त्यामुळे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या लहरींना डोंगर आडोसा देतात. शिवाय हे स्थान चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेला आहे, त्यामुळे आयनांबर तुलनेने स्थिर असते आणि दक्षिण आकाशाचाही बराच भाग दिसतो. पुणे जवळ असल्याने अभियंते आणि शास्त्रज्ञांची ये-जाही सोयीची.

या खोऱ्याचा शांतपणा हेरणारे जीएमआरटीचे शास्त्रज्ञ पहिले नव्हते. त्याआधीच, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, याच तालुक्यातील आर्वी येथे परदेशी दूरध्वनी-तार संपर्कासाठी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले होते. डॉ. विक्रम साराभाई यांच्या नावाने ते ‘विक्रम’ म्हणून ओळखले गेले. टोमॅटो, द्राक्षे आणि शिवनेरीसाठी प्रसिद्ध असलेल्या जुन्नरचे लहरींशी असे दोन पिढ्यांचे नाते आहे.

दुर्बिणीला इतकी शांतता का लागते?

ही दुर्बीण प्रकाश पाहत नाही, ती रेडिओ लहरी ऐकते. त्या कमालीच्या क्षीण असतात. तुलनेसाठी सांगायचे तर चंद्रावर ठेवलेला एक साधा मोबाइल सुरू केला, तर पृथ्वीवरील दुर्बिणींना तो आकाशातील ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक वाटेल. दहा-वीस किलोमीटरवरून, मध्ये डोंगर नसताना बोलणारा पाच वॉटचा हातातला संच म्हणूनच दूरच्या आकाशगंगेच्या तुलनेत कोट्यवधी पटींनी ‘मोठ्याने’ ऐकू येतो.

या शांततेचे फळ काय, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापरेली’ यान मंगळाच्या वातावरणात उतरत होते. त्याच्या छोट्या प्रक्षेपकाचा सुमारे ४०१ मेगाहर्ट्झवरील संकेत खोडदच्या तबकड्यांनी थेट टिपला. दुसरे उदाहरण जानेवारी २०२३ मधले. हायड्रोजनचे अणू १४२० मेगाहर्ट्झवर लहरी सोडतात. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका आकाशगंगेतून निघालेल्या या लहरी जीएमआरटीने टिपल्याचे तेव्हा जाहीर झाले. वाटेतील दुसऱ्या आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले, म्हणून तो संकेत पकडता आला.

या दुसऱ्या उदाहरणातच व्यत्ययाच्या प्रश्नाचे मूळ आहे. विश्व प्रसरण पावत असल्याने प्रवासात लहरी ताणल्या जातात. १४२० मेगाहर्ट्झवर निघालेला तो संकेत पृथ्वीवर पोहोचला तेव्हा सुमारे ६२० मेगाहर्ट्झचा झाला होता. आंतरराष्ट्रीय नियमांनी १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा पूर्ण शांत ठेवला आहे, तिथे कोणीही प्रक्षेपण करू शकत नाही. पण विश्वाच्या अधिक दूरच्या भागातील हायड्रोजन या राखीव पट्ट्याबाहेर, खालच्या वारंवारतांवर ऐकावा लागतो. तिथे दूरदर्शन, मोबाइल, पोलिसांचे बिनतारी संच, विमाने, उपग्रह आणि हौशी रेडिओचालक असे सगळेच आहेत. कागदावरील राखीव पट्टे त्यामुळे पुरत नाहीत. बाकीचे काम शेजाऱ्यांच्या समंजसपणावर चालते.

हौशी रेडिओचा येथे काय संबंध?

हौशी रेडिओ किंवा ‘हॅम रेडिओ’ हा परवानाधारक छंद आहे. केंद्रीय दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन आणि समन्वय शाखा परीक्षा घेऊन परवाना देते. वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्यांनाही ही परीक्षा देता येते. उत्तीर्ण झालेल्यास ‘व्हीयू’ने सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम मिळते. व्यवसाय, जाहिरात, करमणुकीचे प्रसारण किंवा सांकेतिक गुप्त भाषेसाठी हा रेडिओ वापरता येत नाही. तांत्रिक प्रयोग, मैत्री आणि गरजेच्या वेळी मदत हाच त्याचा हेतू.

हॅमचे काही लोकप्रिय पट्टे खोडदच्या निरीक्षणाच्या पट्ट्यातच येतात. हातातल्या संचांवर सर्वाधिक वापरला जाणारा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा ‘दोन मीटर’ पट्टा आणि ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा ‘७० सेंटिमीटर’ पट्टा ही त्याची उदाहरणे. याउलट सात किंवा १४ मेगाहर्ट्झ अशा लघुलहरींवर होणारे देशोदेशींचे संवाद दुर्बिणीच्या पट्ट्याच्या बरेच खाली आहेत.

मात्र संच दर्जेदार नसेल तर तो ठरलेल्या वारंवारतेबरोबर तिच्या पटींतही लहरी सोडतो. १४५ मेगाहर्ट्झवर बोलणारा सदोष संच २९० आणि ४३५ मेगाहर्ट्झवरही कुजबुजत राहतो. बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, दुर्बिणीला मात्र ते स्पष्ट ऐकू येते.

हवेतला शिष्टाचार म्हणजे काय?

हॅम मंडळींचा पहिला नियम असा, की बोलण्याचे बटण दाबण्याआधी ऐकायचे. वारंवारता रिकामी वाटली तरी ‘ही वारंवारता वापरात आहे का?’ असे विचारायचे, थोडे थांबायचे आणि पुन्हा विचारायचे. मोर्सवर हाच प्रश्न ‘क्यूआरएल’ या तीन अक्षरांत विचारतात. दोनदा विचारण्यामागे कारण आहे. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन दूर उतरतात आणि मधला पट्टा कोरडा राहतो. पुण्यातील रेडिओचालकाला कोलकात्याचा माणूस ऐकू येईल, पण त्याच्याशी बोलणारा नागपूरचा माणूस ऐकू येणार नाही. संवाद सुरू आहे आणि आपल्याला त्यातली एकच बाजू कळते, असे वारंवार होते.

दुसरा नियम, काम भागेल इतकीच शक्ती वापरायची. दहा वॉटमध्ये बोलणे पोहोचत असेल तर शंभर वॉट लावणे हा दांडगेपणा समजला जातो. कमी शक्तीत दूरवर संपर्क साधण्याला हॅमच्या भाषेत ‘क्यूआरपी’ म्हणतात आणि त्यात वाकबगार असलेल्यांना मान असतो.

तिसरा नियम, चाचणी हवेत करायची नाही. संच जुळवताना अँटेनाऐवजी ‘डमी लोड’ जोडतात, त्यात शक्ती उष्णतेच्या रूपाने जिरते आणि बाहेर गोंगाट जात नाही. माइकचा आवाज वाजवीपेक्षा वाढवला तर संकेत फाटतो आणि शेजारच्या वारंवारतांवर सांडतो, त्यामुळे तोही मर्यादेत ठेवतात.

आपले बोलणे संपल्यावर दोन-तीन सेकंदांची जागा सोडायची, हा चौथा नियम. कोणी अडचणीत असेल तर त्याला त्या फटीतून हाक देता येते. संकटातील संदेश ऐकू आला की बाकी सर्वांनी गप्प बसायचे. संवादाच्या सुरुवातीला आणि शेवटी आपले संकेतनाम सांगायचे. निनावी बोलणे नियमाने चूक आहे आणि संस्काराने त्याहून अधिक.

पाचवा नियम पाळायला सर्वांत अवघड जातो. कोणी मुद्दाम त्रास देत असेल तर त्याला उत्तर द्यायचे नाही. शिटी वाजवणाऱ्याला किंवा मध्येच बोलणाऱ्याला प्रेक्षक हवा असतो. तो मिळाला नाही की त्याचा उत्साह संपतो.

या सगळ्यामागचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते. कोणतीही वारंवारता कोणा एका हॅमच्या मालकीची नाही. अमेरिकेतील पॉल सेगल यांनी १९२८ मध्ये लिहिलेली हौशी रेडिओचालकांची आचारसंहिता आजही जगभर प्रमाण मानली जाते. दुसऱ्याच्या आनंदात बाधा येईल असे प्रक्षेपण जाणूनबुजून न करणे, हे तिचे पहिले कलम आहे.

कुकडीच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आवर्तन सुटल्यावर वरच्याने पाट फोडला तर टेलच्या शेतकऱ्याचे भरणे राहते. पाणी सर्वांचे असते, म्हणूनच पाळी लागते. हवेतील लहरींचेही तसेच आहे. खोडदची दुर्बीण ही या पाटावरची अगदी शेवटची, टेलची शेतकरी आहे. वर कोणी काहीही केले तरी त्याचा फटका तिला आधी बसतो.

दुर्बिणीजवळ आणखी कोणती काळजी घ्यावी?

सह्याद्रीतील किल्ल्यांवरून रेडिओ चालवणे हॅम मंडळींना आवडते. जुन्नर परिसरात शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन असे किल्ले आहेत. उंचीवरून छोट्या संचाचाही आवाज खूप लांब जातो, हेच त्यातले आकर्षण. दुर्बिणीच्या दृष्टीने नेमका तोच धोका. खोऱ्याच्या तळाशी बोलणाऱ्याला डोंगराची आड असते, कड्यावर बोलणाऱ्याला ती नसते.

अशा वेळी काही गोष्टी सहज करता येतात. मोठा कार्यक्रम, स्पर्धा किंवा शिबिर असेल तर एनसीआरएला आधी कळवावे. शक्य तिथे दोन मीटरऐवजी लघुलहरींचा पट्टा निवडावा. दोन मीटरवरच बोलायचे असेल तर शक्ती किमान ठेवावी आणि दिशादर्शी अँटेनाचे तोंड खोडदकडे वळवू नये. दिवसरात्र चालणारे रिपीटर किंवा बीकन डोंगरमाथ्यावर बसवायचे असतील तर समन्वयाशिवाय बसवू नयेत. ‘तुमचा संकेत आमच्याकडे येतो आहे’ असा निरोप आला तर वाद घालण्याआधी संच बंद करून खातरजमा करावी.

अशी पद्धत जगाला नवी नाही. अमेरिकेत ग्रीन बँक येथील दुर्बिणीभोवती १९५८ पासून ‘राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र’ आहे. तिथे हॅम रेडिओवर सरसकट बंदी नाही, पण नवे रिपीटर उभारण्यापूर्वी वेधशाळेला कळवावे लागते. दक्षिण आफ्रिकेने तर खगोलशास्त्रासाठी योग्य प्रदेश जपण्याकरिता २००७ मध्ये स्वतंत्र कायदाच केला.

व्यत्यय फक्त हॅममुळे येतो का?

अजिबात नाही. परवानाधारक हॅम मोजके असतात आणि त्यांचा शोधही लगेच लागतो. खरा त्रास बहुतेकदा नकळत होतो. विजेच्या तारेवरील सैल जोड किंवा तडा गेलेले इन्सुलेटर ठिणग्या पाडत राहते आणि त्या ठिणगीतून जवळजवळ प्रत्येक वारंवारतेवर गोंगाट बाहेर पडतो. पूर्वी घरोघरी छतावरच्या टीव्ही अँटेनाला बूस्टर लावलेला असे. बिघडलेला बूस्टर स्वतःच छोटा प्रक्षेपक बनतो आणि खोडद परिसरात त्याचाही उपद्रव झाला आहे. आता स्वस्त एलईडी दिवे, इन्व्हर्टर, बॅटरी चार्जर आणि मोटारींचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक यांची त्यात भर पडते.

जुन्नर आणि आंबेगाव हा बिबट्यांचा प्रदेश. पीक आणि गोठा राखण्यासाठी अनेक ठिकाणी कुंपणाला झटका मशीन जोडलेले असते. तार व्यवस्थित ताणलेली आणि गवतापासून दूर असेल तर फारसा प्रश्न येत नाही. गवत किंवा ओली फांदी तारेला टेकली की प्रत्येक झटक्याला ठिणगी उडते. जवळच्या साध्या रेडिओवर ठरावीक अंतराने ‘टक् टक्’ ऐकू येत असेल तर कुंपण तपासावे. त्यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. गळणाऱ्या कुंपणाचा झटका कमजोर होतो.

दुसरा प्रकार स्वस्त वॉकीटॉकीचा. लग्नकार्य, ट्रेकिंग, ऊसतोड किंवा यात्रेतील बंदोबस्तासाठी ऑनलाइन संच मागवले जातात. त्यातील बरेच संच परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यात कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे. त्याबाहेरचे संच बेधडक विकले जात असल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. खोक्यावर वारंवारता आणि परवान्याची अट लिहिली आहे का, हे पाहूनच संच घ्यावा.

वरूनही व्यत्यय येतोच. इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान अनपेक्षित लहरी गळत असल्याचे युरोपातील ‘लोफर’ दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवून दिले. त्यावर गावकऱ्यांचा किंवा हॅमचा काही इलाज नाही. शास्त्रज्ञांनीही नुकसान कमी करणाऱ्या प्रणाली बसवल्या आहेत. अद्ययावत जीएमआरटी निरीक्षण सुरू असतानाच ठिणग्यांचा गोंगाट ओळखून वगळू शकते. पण संकेत गोंगाटाखाली पूर्ण दबला तर तो कोणत्याही गणिताने परत मिळत नाही.

या शांततेची किंमत कोण मोजते?

हा प्रश्न टाळून शिष्टाचाराच्या गोष्टी करणे योग्य होणार नाही. दुर्बिणीच्या परिसरात नवे उद्योग उभारण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे चाकण, रांजणगावसारखी औद्योगिक वाढ आपल्याकडे आली नाही, अशी स्थानिकांची जुनी तक्रार आहे. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या प्रश्नाने या तक्रारीला धार आली. सुमारे २३५ किलोमीटरचा हा मार्ग राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा आखला होता. विजेवर धावणाऱ्या गाडीचा पेंटोग्राफ वरच्या तारेला घासताना ठिणग्या पडतात, शिवाय रेल्वेची स्वतःची संदेश यंत्रणा असते. जीएमआरटीला बाधा येण्याचा मुद्दा पुढे आला आणि रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी त्याच कारणाने मूळ आखणी अडल्याचे सांगितले. त्यानंतर शिर्डी-अहिल्यानगरमार्गे पर्याय पुढे आला. जुन्नर, आंबेगाव आणि खेडमधून त्याला तीव्र विरोध झाला.

दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, कारण तिच्यासाठी लागणारी शांत जागा देशात सहजासहजी मिळणार नाही. दुसरीकडे, जागतिक विज्ञानासाठी लागणाऱ्या शांततेचा भार दोन-तीन तालुक्यांनीच उचलावा, हेही न्याय्य नाही.

हॅमचा शिष्टाचार येथे दोन्ही बाजूंना लागू होतो. व्यत्यय आला तर हॅम समोरच्याला आधी कळवतो, कोणत्या वारंवारतेवर, किती आणि कधी हे सांगतो, आणि दोघे मिळून तोडगा काढतात. निर्बंध घालणाऱ्या यंत्रणांनीही हीच पद्धत ठेवायला हवी. कोणता उद्योग चालेल, कोणता चालणार नाही, कोणते उपकरण कसे तपासून मिळेल, अर्जाचा निकाल किती दिवसांत लागेल, हे मराठीत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर हवे. फळप्रक्रिया, शीतगृह, पर्यटन किंवा संगणकाधारित कामे योग्य आवरण आणि फिल्टर लावून कुठवर बसवता येतील, याचे उत्तर ‘नाही’ या एका शब्दात संपता कामा नये.

संकटाच्या वेळी काय?

आंबेगावच्या पश्चिम भागाने या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव दिसेनासे झाल्याचे तिथून जाणाऱ्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आले आणि मग बातमी बाहेर पोहोचली. डोंगराळ आदिवासी पट्ट्यात संपर्काचे साधन असणे किती मोलाचे आहे, हे यापेक्षा वेगळे सांगायला नको.

वीज आणि मोबाइल एकाच वेळी बंद पडतात तेव्हा बॅटरीवरचा हॅम संच चालतो. २००१ च्या भूज भूकंपात हौशी रेडिओचालकांनी संपर्काचे काम केले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या हॅम भारती प्रसाद योगायोगाने आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरमध्ये रेडिओ मोहिमेवर होत्या. अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला असताना त्यांच्या संचांवरून निरोप गेले.

जीविताचा प्रश्न असेल तेव्हा दुर्बिणीची शांतता दुय्यम ठरते, याविषयी खगोलशास्त्रज्ञांचेही दुमत असण्याचे कारण नाही. उलट, रोजच्या दिवशी हवा स्वच्छ ठेवणारा हॅमच संकटाच्या दिवशी उपयोगी पडतो. ज्याला ऐकायची सवय आहे त्यालाच दरडीखालून, कमकुवत बॅटरीवरून आलेली क्षीण हाक कळते. हे कौशल्य आणि खोडदच्या शास्त्रज्ञांचे कौशल्य मुळात एकच आहे. गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढणे हे दोघांचेही काम.

पुढे काय करता येईल?

हॅम आणि दुर्बीण यांचे हितसंबंध परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचा शत्रू समान आहे. सदोष विद्युतजोड, निकृष्ट एलईडी आणि बेकायदा संच या दोघांनाही त्रास देतात. दिशादर्शी अँटेना घेऊन लपवलेला प्रक्षेपक शोधण्याचा ‘फॉक्स हंटिंग’ हा खेळ हॅम आवडीने खेळतात. हेच कौशल्य गोंगाटाचा उगम शोधायला वापरता येते.

नारायणगाव, जुन्नर, मंचर आणि घोडेगावच्या महाविद्यालयांत हौशी रेडिओ मंडळे सुरू झाली तर तीन कामे एकत्र होतील. मुलांना परवान्याच्या निमित्ताने इलेक्ट्रॉनिक्स शिकता येईल. डोंगरपट्ट्यातील गावांना पावसाळ्यात पर्यायी संपर्क मिळेल. कोणत्या खांबावर ठिणगी पडते, कोणत्या कुंपणाला दुरुस्ती हवी, हे दुर्बिणीच्या अभियंत्यांना गावातूनच कळेल. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदला विज्ञान मेळा भरतो आणि हजारो विद्यार्थी येतात. तिथे हॅमचा एक टेबल आणि व्यत्यय शोधण्याचे एक प्रात्यक्षिक ठेवणे अवघड नाही.

त्यासाठी दुर्बिणीकडूनही काही द्यावे लागेल. घरोघरी जाऊन सदोष उपकरण दाखवणारा माणूस दंडाची नोटीस घेऊन न येता दुरुस्तीचे सामान घेऊन आला, तर गावकरी दार उघडतील. पन्नास रुपयांच्या फिल्टरने भागत असेल तर तो मोफत देणे, शेतकऱ्याशी वर्षभर पत्रव्यवहार करण्यापेक्षा स्वस्त पडेल.

रेल्वेचा आणि उद्योगांचा निर्णय सरकार दरबारी होईल आणि तिथे स्थानिकांनी आपले म्हणणे ठामपणे मांडायलाच हवे. मात्र हवा स्वच्छ ठेवणे हे रोजचे काम आहे, त्यासाठी कोणत्याही निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. हातात संच असलेल्याने बटण दाबण्याआधी क्षणभर ऐकावे. निर्बंध घालणाऱ्यांनीही आदेश काढण्याआधी जुन्नर-आंबेगावचे म्हणणे तितक्याच लक्षपूर्वक ऐकावे.